म्हसोबाच्या किती खाली?

माणसांत जन्माला येऊन, माणसांत लग्न करून आणि माणसांच्याच पंगतीत जेवूनसुद्धा माणसांशी ज्याचं फारसं घेणंदेणं नाही, असा अख्ख्या हैदराबाद संस्थानात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. त्यांच्या आज्ज्यापर्यंत घरात मेंढरं होती, वडलांनी मेंढरं सोडून जमीन धरली, आणि यांनी जमीन धरली ती फक्त हातात. डोकं कायम बांधापलीकडच्या झुडपांत. गाव अंबड तालुक्यात, ओढ्याकाठी, वीस-पंचवीस उंबऱ्यांचं. मी जालन्याला मस्तगडात राहायचो, सरकारी मोजणीत नोकरीला होतो, चार इंग्रजी आकडे वाचता यायचे म्हणून स्वतःला फार शहाणा समजायचो. आमचे साडू घरी आले की पायावर पाणी घ्यायच्या आधी वर आढ्याकडे बघत. तिथे एक पाल होती. ती दिसली की म्हणायचे, “बरी हाय का? वाळली जरा.” मग पाट घेऊन बसत. माझी तब्येत त्यांनी पहिल्या दहा-बारा वर्षांत एकदाही विचारली नाही. एकदा मी हिवतापातून उठलो होतो, हाडांचा सापळा झालो होतो, तर माझ्याकडे टक लावून बघत म्हणाले, “साडभाऊ, दिव्याचं त्याल बदललं का? पाल खाईना झाली.”

बैलगाडीत ते बसत नसत. बैल दमतात. जालन्याला यायचं तर आमच्या मेव्हणीबाई गाडीत, गाडी हाकणारा धुरेवर, आणि हे आठ कोस चाकाशेजारनं पायी. मेव्हणीबाई आतून अंबडपासून जालन्यापर्यंत त्यांचा उद्धार करत येत, आणि हे मान हलवत चालत, बाई दम घ्यायला थांबल्या की बैलाच्या पाठीवर हात फिरवून म्हणत, “आता चढ संपला बाबा.” हे बैलाला म्हणत की स्वतःला, ते कधी कळलं नाही. पण सगळ्यांत गाजलेली गोष्ट पटक्याची. खुंटीवर टांगलेल्या त्यांच्या लाल पटक्यात चिमणीनं काड्या आणून टाकल्या. झालं! पटका चिमणीच्या नावावर चढला. ऐन लग्नसराईत हे दीड महिना बोडक्या डोक्यानं हिंडले. धाकट्या मेव्हणीच्या लग्नात मांडवाच्या दारात असे उघड्या डोक्याचे येऊन उभे राहिले, तर बायकांच्या हातातली ताटं तशीच राहिली. सासरे धावत आले. “आहो, कोण गेलं? सांगावा न्हाई, काही न्हाई!” तर हे शांतपणे, “गेलं कोनी न्हाई मामा. उलट तीन आल्यात. डोळे उघडायचे हायत अजून.” सासऱ्यांनी कपाळाला हात लावला आणि स्वतःचा फेटा काढून यांच्या डोक्यावर दाबला.

माणसांच्या बोलण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “मानूस हाय, बोलणारच,” म्हणत आणि विषय सोडून देत. पण मोजलेल्या गोष्टीपुढे हा माणूस हात जोडायचा. मी साखळी आणि फूटपट्टी घेऊन हिंडणारा माणूस, म्हणून त्यांच्या लेखी मी जवळजवळ पुजारी होतो. सुट्टीला गेलो की मला विश्रांती मिळायची नाही. ही घोरपड मोजा. ह्या बिळापासून त्या बिळापर्यंत मोजा. साळिंदराचा काटा किती बोटं भरतो बघा. मी कंटाळून अंदाजे काही सांगितलं की तोंडाकडे बघत विचारायचे, “मोजलंय?” मी “हो” म्हटलं की “मंग बराबर,” आणि पुढे तो आकडा अख्ख्या गावाला सांगत सुटायचे. माझ्या शब्दाला एवढी किंमत माझ्या साहेबानं कधी दिली नाही, बायकोनं तर नाहीच नाही. आज हे लिहिताना तो शब्द कानात वाजतो आणि हात थांबतो. पण सुरुवात केली आहे तर आता सांगितलंच पाहिजे.

त्यांच्या गावाच्या खालच्या अंगाला ओढा अडवून सरकारनं तलाव बांधायला काढला. मोजणीवर माझी नेमणूक झाली. आमच्या साडूंची जमीन वरच्या माळाला, पाणरेषेच्या बाहेर. त्यांचं ढेकूळभरही बुडणार नव्हतं. पण ज्या खोऱ्यात पाणी साठणार त्यात झाडं-झुडपं आधी तोडून घ्यायची होती, आणि त्या तोडीच्या टोळीला मुकादम हवा होता. बायकोनं माझं डोकं खाल्लं, “माझ्या बहिणीच्या घरात जरा चार पैसे येतील.” मी शब्द टाकला आणि जगातल्या सगळ्यांत चुकीच्या माणसाला कुऱ्हाडींचा मुकादम करून बसलो.

पहिल्याच दिवशी टोळी कुऱ्हाडी परजून उभी, आणि मुकादमाचा पत्ता नाही. थोड्या वेळानं बोरीच्या झुडपांतून हलगीचा आवाज आला. मी जाऊन बघतो तर आमचे साडू गळ्यात हलगी अडकवून एकटेच झुडपांतून फिरतायत आणि गावात दवंडी देतात तशी खच्चून दवंडी देतायत. “ऐका हो ऐका! ससे, खोकडं, मुंगसं, तितरं, बिळातले आन् घरट्यातले समद्यांनी ऐका! सरकारचा हुकूम झालाय. हितं पानी येनार हाय. आठ दिसांत आपापली लेकरंबाळं घिऊन बाहीर पडा. मागून तक्रार चालनार न्हाई होऽऽ!” मी म्हटलं, “साडभाऊ, हे काय करून राह्यले तुम्ही?” तर म्हणाले, “गावाला नोटीस दिली का न्हाई? मंग ह्यांनी कोनाचं काय घोडं मारलं?” टोळीतली माणसं पोट धरून हसत होती. पण एक खरं, ती दवंडी झाल्याशिवाय त्यांनी एकाही झुडपाला कुऱ्हाड लावू दिली नाही. पुढे पुढे तर टोळीच म्हणायला लागली, “मुकादम, आज हलगी वाजवायची राह्यली.”

उठणाऱ्या घरांची यादी करायला तहसीलमधून एक साहेब आले. भला माणूस, उर्दूत बोलणारा. आमचे साडू त्याच्यापुढे अदबीनं वाकून म्हणाले, “हुजूर, एक खानदान का नाम रह गया. मियाँ, बीवी, चार बच्चे.” साहेब कळवळले. उन्हात छत्री उघडून यांच्यामागं कोसभर चालत गेले आणि एका खोकडाच्या बिळापुढे जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. साहेब बराच वेळ बिळाकडे बघत राहिले, मग यांच्याकडे, मग हसले आणि म्हणाले, “बात तो सही है.” यादीत मात्र घेतलं नाही.

खोऱ्याच्या मधोमध एक उंचवटा होता आणि त्यावर दाट बन. चिंचा, करंज, खाली करवंदीच्या जाळ्या. तोड सगळीकडून आत सरकत आली तशी खोऱ्यातली झाडून सगळी जनावरं त्या बनात गोळा व्हायला लागली, कारण लपायला दुसरी जागाच उरली नव्हती. साडू रोज संध्याकाळी जाऊन बघत आणि मला खबर देत. आज ससे आले. साळिंदर आलं. एक हरणी आली, दोन जिवांची हाय. ते बन तोडायची पाळी आली तसे आमचे साडू जेवेनासे झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी टोळी बनात शिरली आणि कुऱ्हाडी टाकून मागं फिरली. थोरल्या चिंचेच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड, त्याच्यापुढे नारळ आणि लिंबू. म्हसोबा! देवाच्या झाडाला हात लावायची कोणाची छाती? मी दगडाजवळ गेलो तर तेलाचा वास ताजा, आणि आमच्या साडूंची नखं शेंदरानं लाल. मी हळूच विचारलं, “हा देव कधी निघाला साडभाऊ?” नजर चुकवत म्हणाले, “देव आधीपासनं हायच. रंग तेवढा नवा हाय.”

कामावर देखरेख करणाऱ्या दारोगासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण मजुरांपुढे त्यांचं काही चालेना. बन राहू द्या म्हणाले. मग त्या म्हसोबाची कीर्ती झाली. कोणाचा चुकलेला गोऱ्हा सापडला, कोणाच्या सुनेला दिवस गेले. सगळं म्हसोबानंच केलं. बायका निवद घेऊन यायला लागल्या. गंमत म्हणजे साडू स्वतःही रोज तिथं डोकं टेकवायला लागले. मी टोमणा मारला तर गंभीरपणे म्हणाले, “मी बसवला म्हनून काय झालं? बसवलाय तर मान द्यावाच लागतो.” त्या दिवसांत मी त्यांना जेवढं खूश पाहिलं तेवढं पुन्हा कधी पाहिलं नाही. हरणीला पाडस झालं त्या दिवशी त्यांनी अख्ख्या टोळीला गूळ वाटला.

पण ते काही नुसते भोळे नव्हते. बन पाणरेषेच्या आत आहे हे त्यांना ठाऊक होतं. बनापासून वरच्या माळापर्यंत झुडपांचा एक पट्टा अजून उभा होता, एका गाडीवाटेएवढा रुंद. तो तेवढा ठेवायचा. पाणी चढायला लागलं की जनावरं त्या आडोशानं आपणहून माळावर निघून जातील. उघड्या रानातनं ती पाऊल टाकायची नाहीत. एवढंच त्यांचं मागणं. पण बांधासाठी चुना भाजायच्या भट्टीला जळण कमी पडलं होतं आणि पट्टा तोडायचा हुकूम सुटला होता. तेवढ्यासाठी ते आठ कोस चालून मस्तगडला आले. “साडभाऊ, तुमी मोठ्या साहेबाला कागद लिवा. तुमचं ऐकत्यात.”

माझ्या घरी त्या दिवशी धाकट्या मुलीचं बारसं होतं. पाहुणे पाटावर बसलेले, घुगऱ्या चाललेल्या, आणि हे दारात धुळीनं भरलेले उभे. मला साहेबाला कागद लिहायची इच्छा नव्हती. खोकडांसाठी अर्ज केला म्हणून कचेरीत हसं झालं असतं, हे खरं कारण. मी म्हटलं, “पट्टा तुटला तर तुटू द्या. बांध पुरा झाला तरी पहिल्या साली पाणी बनापर्यंत येत न्हाई. जनावरं हलवायचं दिवाळीनंतर बघू. लिहीन मी.”

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. “मोजलंय?”

मी बांध मोजला होता. उंचवटा मोजला होता. वरच्या डोंगराचं पाणी किती येईल, ते मी मोजलं नव्हतं. ते माझं कामही नव्हतं. मी हातातला घुगऱ्यांचा द्रोण त्यांच्यापुढे केला आणि म्हणालो, “मोजलंय.”

“मंग बराबर,” म्हणाले. घुगऱ्या धोतराच्या सोग्यात बांधल्या, आढ्यावरच्या पालीकडे एकदा बघितलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः उभं राहून पट्टा तोडून दिला. हलगी वाजवली नाही, कारण पट्ट्यात राहणारं कोणी उरलंच नव्हतं. सगळे बनात सुखरूप होते.

श्रावणात तीन दिवस पाऊस थांबला नाही. तसा पाऊस त्या भागात होतो, दहा-वीस वर्षांतून एकदा, हे तिथल्या कोणाही म्हाताऱ्यानं मला सांगितलं असतं. मी विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी उघडलं तेव्हा आम्ही सगळे बांधावर उभे होतो. खोरं भरून गढूळ पाणी, आणि मधे तो उंचवटा बेट होऊन राहिलेला. पाणी डोळ्यांदेखत चढत होतं. आमचे साडू तडक गुऱ्हाळाकडे गेले आणि गूळ आटवायची मोठी काहील गाडीवर घालून घेऊन आले. त्या दिवशी पहिल्यांदा ते बैलांना ओरडले. काहील पाण्यात लोटली आणि फळकुटानं वल्हवत एकटे निघाले. काहील गोल गोल फिरत होती, लोक ओरडत होते, दारोगासाहेब बांधावरनं हुकूम सोडत होते. पहिल्या खेपेला तीन ससे आणले, घोंगडीत गुंडाळून. दुसऱ्या खेपेला एक खोकड आलं, त्यानं यांचा अंगठा फोडून काढला होता, आणि हे रक्तबंबाळ हातानं त्याला म्हणत होते, “चाव बाबा, चाव. तुझा हक्कच हाय.” साळिंदर आणलं तेव्हा घोंगडीची चाळण झाली. तेव्हाही काही लोक हसले. मीसुद्धा हसलो असेन. चौथ्या खेपेला ओढ्याच्या लोंढ्यानं काहील उलटी केली. चार माणसांनी दोर टाकून यांना ओढून काढलं आणि कमरेला मिठी मारून धरून ठेवलं, कारण ते पुन्हा पाण्यात शिरत होते.

हरणी आणि पाडस म्हसोबाच्या दगडापाशी उभी होती. तेवढीच जागा उरली होती. दुपारी हरणी पाण्यात उतरली आणि पोहायला लागली. सरळ माळाकडे, चांगली निम्म्यावर आली. साडू मोठ्यानं म्हणत होते, “ये माय, ये.” पाडस मागं निघालं नाही. हरणीनं मान वळवून बघितलं, आणि ती परत फिरली. पोहत पोहत पाडसाजवळ जाऊन उभी राहिली. दिवस मावळायच्या आत शेंदराचा दगड पाण्याखाली गेला. त्यानंतर आम्ही कोणी तिकडे बघितलं नाही. साडू मात्र बघत होते.

खाली उतरल्यावर दारोगासाहेबांनी यांना फैलावर घेतलं. सरकारी कामावर जीव धोक्यात घातला म्हणून. मग विचारलं, “पट्टा ठेवा ठेवा म्हणून तूच मागं लागला होतास ना? मग तूच उभं राहून कसा तोडलास? पाणी येणार नाही म्हणून कोणी सांगितलं तुला?” मी दारोगासाहेबांच्या शेजारी, त्यांची छत्री धरून उभा होतो. साडूंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगठ्याला गुंडाळलेली चिंधी आवळत म्हणाले, “कोनी न्हाई साहेब. माझाच अंदाजा चुकला.” मी छत्री तशीच धरून राहिलो. आज लाज वाटते म्हणून सांगतो असं नाही. लाज तेव्हाही वाटत होती.

त्यानंतर त्यांनी मुकादमी सोडली. हलगी ज्याची त्याला देऊन टाकली. घरी येत, पण आढ्याकडे बघत नसत, पाट घेऊन बसत आणि विचारत, “तब्येत कशी हाय साडभाऊ?” दहा-बारा वर्षांत जे ऐकायला मिळालं नव्हतं ते आता दर खेपेला ऐकायला मिळायला लागलं, आणि मला ते नकोसं झालं. मेव्हणीबाईसुद्धा वाटेत त्यांना बोलायच्या बंद झाल्या. एकदा त्यांनीच, नवऱ्याला टोचून टोचून आयुष्य काढलेल्या त्या बाईनं, माझ्या बायकोला म्हटलं, “पटक्यात चिमनी घरटं बांधंल म्हनून म्या दार उघडं ठिवते गं. पन आता ह्ये पटका काढीतच न्हाईत.”

पुढच्या साली पावसाळा संपल्यावर ते मस्तगडला आले. चालतच. जेवण झाल्यावर सुपारी कातरत विचारलं, “साडभाऊ, औंदा पानी म्हसोबाच्या किती खाली हाय?” त्या बाजूला ते पाऊलही टाकत नव्हते. मी सवयीनं बोलून गेलो, “असंल दोन हात.” त्यांनी मान वर केली आणि अगदी पूर्वीच्याच सुरात विचारलं, “मोजलंय?” त्या विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. माझा शब्द खोटा निघू शकतो हे त्या माणसाच्या अजूनही ध्यानात आलं नव्हतं, की आलेलं असून त्यानं ते मनावर घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, देव जाणे. मी म्हटलं, “उद्या सांगतो.” सकाळच्या मोटारीनं अंबडला गेलो, तिथनं पायी तलावावर, काठावरून दुर्बीण लावून पातळी घेतली आणि परत येऊन सांगितलं. “एक हात, चार बोटं.” ते म्हणाले, “मंग बराबर,” आणि गावाला निघाले.

तेव्हापासून दर साली हेच. माझी बदली झाली, नोकरी संपली, गुडघे धरायला लागले, तरी पावसाळा संपला की मी तलावावर जायचो आणि मोजून आणायचो. एखाद्या साली म्हसोबा बुडालेला असायचा. तेही सांगायचो, खोटं कधी बोललो नाही. तसं सांगितलं की ते त्या दिवशी जेवायचे नाहीत. संस्थान गेलं त्याच्या आदल्या साली ते वारले. शेवटच्या आजारात मी गेल्तो. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. उशाशी बसलो तर डोळे उघडून माझ्याकडे बघत राहिले, आणि मला न विचारताच कळलं. मी मोजूनच आल्तो. सांगितलं. त्यांचा हात थोडासा हलला.

बनातल्या चिंचा आता पाण्यात उभ्या राहून वाळून गेल्यात. त्यांच्यावर पाणकावळे बसतात, बगळे घरटी करतात. बघून साडूंना आनंद झाला असता की नसता, सांगता येत नाही. मी अजूनही जातो. दुर्बीण केव्हाच सरकारजमा झाली, आता पाणी कमी असलं तर काठी घेऊन उंचवट्यापर्यंत चालत जातो आणि हातानं मोजतो. मोजून झालं की सांगायला कोणी नसतं. यंदा पाऊस बेताचाच झाला. दगडावरचा शेंदूर धुऊन गेलाय, पण दगड जागेवर आहे, आणि त्याच्या आडोशाला सशाच्या ताज्या लेंड्या पडल्या होत्या. मी काठी टेकून खाली बसलो आणि इकडं तिकडं कोणी नाही असं बघून मोठ्यानं म्हणालो, “औंदा म्हसोबा कोरडा हाय, साडभाऊ. मोजलंय.”